दहा डालेर, सव्वादोन वर्षं

१३ नोव्हेंबर २०२१ चा शनिवार होता. वेस्तेरोसमध्ये आमच्या घराजवळच्या चर्चच्या सभागृहात लोप्पिस भरला होता. लोप्पिस म्हणजे स्वीडनमधला जुन्या वस्तूंचा बाजार. मी लोकरीचे हातमोजे घ्यायला गेले होते. एका आजींच्या टेबलावर बिस्किटांच्या डब्यात गुंड्या, किल्ल्या आणि नाणी अशी सगळी सरमिसळ पडली होती. त्यात तपकिरी, रुपयाएवढं एक नाणं हाताला लागलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला योद्धा, बाजूने ‘मार्स’ अशी अक्षरं आणि १७१८ साल. दुसऱ्या बाजूला ‘१ डालेर एस. एम.’. डालेर हे स्वीडनचं जुनं चलन. आजींनी १५० क्रोना सांगितले. घासाघीस न करता मी दिले. हातमोजे राहूनच गेले.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर नाणं दाखवलं. बाबा नोकरीत असल्यापासून नाणी जमवतात. छत्रपती संभाजीनगरच्या घरी त्यांचा एक पत्र्याचा डबा आहे, आम्ही लहान असताना त्याला हात लावायची आम्हाला सक्त मनाई असे. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “चांदीचं मोल आणि तांब्याचं नाणं? अगं, हा तर तुघलकाचा भाऊ!” उठून डब्यातून स्वतःचं नाणं घेऊन आले. मुहम्मद तुघलकाने १३३० च्या सुमारास पितळ-तांब्याची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावीत असा हुकूम केला. त्यातली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतही पडली. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि शेवटी सुलतानाला ती खजिन्यातून बदलून द्यावी लागली. बाबांच्या तळहातावर ते होतं, माझ्या तळहातावर मार्स.

त्या आठवड्यात शहराच्या ग्रंथालयात बसून मी कळेल तेवढं वाचलं. ‘एस. एम.’ म्हणजे सिल्वरमिंत, चांदीच्या हिशोबातला डालेर. ‘के. एम.’ म्हणजे कोप्परमिंत, तांब्याच्या हिशोबातला. एका डालेरचे ३२ ओरे, आणि त्या काळी चांदीच्या हिशोबातला एक डालेर म्हणजे तांब्याच्या हिशोबातले तीन. ज्यांना या नाण्यांच्या वाटेला जायचं आहे त्यांनी ही दोन अक्षरं आधी पाठ करावीत. मी पहिले पंधरा दिवस ती एकच समजत होते आणि एकही हिशोब जुळत नव्हता.

माझं नाणं एकटं नव्हतं, दहांपैकी एक होतं. बारावा कार्ल राजा युद्धात पराभूत होऊन काही वर्षं तुर्की मुलखात राहिला आणि १७१४ च्या अखेरीस परतला. खजिना रिकामा होता आणि युद्ध थांबवायची त्याची तयारी नव्हती. गेओर्ग हाइनरिक फोन गोर्ट्झ हा त्याचा विश्वासू मंत्री, युद्धासाठी पैसा उभा करणारा. १७१५ ते १७१९ या काळात तांब्याच्या छोट्या चकत्या ‘एक डालेर’ म्हणून चलनात आल्या. स्वीडिशमध्ये त्यांना नोडमिंट म्हणतात, म्हणजे अडचणीच्या काळातली नाणी. आधी १७१५ चा मुकुट, मग १७१६ चं ‘पुब्लिका फीदे’, म्हणजे जनतेच्या भरवशावर. १७१७ चं ‘वेट ओक वापेन’, बुद्धी आणि शस्त्र. १७१८ या एका वर्षात सहा: ‘फ्लिंक ओक फेर्दिग’, म्हणजे चपळ आणि सज्ज, आणि ज्युपिटर, सॅटर्न, फीबस, मार्स, मर्क्युरी हे रोमन देव. शेवटचं १७१९ चं ‘होप्पेट’, आशा. जहाजाचा नांगर घेतलेली एक बाई.

ही दहा नावं वहीत एकाखाली एक लिहिली आणि दहाही मिळवायची असं ठरवलं. महिन्याला ३०० क्रोनांच्या वर जायचं नाही असंही ठरवलं. हे दुसरं शेवटपर्यंत पाळता आलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ऑनलाइन लिलावात ‘फ्लिंक ओक फेर्दिग’ २२० क्रोनांना मिळालं. शिपाई आणि त्याच्या बाजूला सिंह. नाणं घरी आलं तेव्हा कडेला थोडं कळकलेलं होतं. मी तेच केलं जे आईला तांब्याच्या घागरीला करताना आयुष्यभर बघितलं होतं. चिंचेचा कोळ आणि मीठ लावलं, अंगठ्याने चोळलं, पाण्याखाली धरलं. तीनशे वर्षांचा राप दोन मिनिटांत गेला. नाणं गुलाबी झालं, उघडं पडल्यासारखं, आणि सिंहाची आयाळ, जी आधी सावलीमुळे उठून दिसत होती, ती सपाट पृष्ठभागात हरवली. मी ओट्यापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाबांना सांगायला चार दिवस लागले. ते रागावले नाहीत. “आता त्याला कागदी पाकिटात ठेव आणि विसर,” एवढंच म्हणाले.

म्हणून आवर्जून सांगते, तांब्याचं जुनं नाणं धुऊ नका, घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, काहीही लावू नका. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांपासूनही दूर ठेवा. काही प्लास्टिक कालांतराने चिकट हिरवा थर सोडतं. कागदी पाकीट किंवा पुठ्ठ्याची चौकट बरी.

एप्रिलमध्ये धीर करून नाणेसंग्राहकांच्या क्लबात गेले. दर महिन्याला एका संध्याकाळी बैठक, कॉफी आणि दालचिनीचे बन. पंधरा-सोळा माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. मी एकटी बाई, एकटी परदेशी, आणि स्वीडिश अजून अडखळत बोलणारी. पण त्यांनी मार्स हातोहात फिरवला आणि माझ्यासाठी सावकाश बोलायला लागले. नाणं दोन्ही बाजूंनी कडेलाच धरायचं, खाली मऊ कापड अंथरायचं, हे तिथे शिकले. स्वीडिश प्रतवारीही तिथेच समजली. इथे आकडा जितका लहान तितकं नाणं चांगलं. ० म्हणजे न वापरलेलं, त्याखाली ०१, मग १+, मग १. लिलावाच्या वर्णनात ‘१+’ वाचून मी सुरुवातीला ते ‘१’ पेक्षा एकच पायरी वर आहे, म्हणजे साधारण असेल असं समजून सोडून दिलं होतं. खरं तर माझ्या खिशाला तीच प्रत योग्य होती.

त्यातल्या एका आजोबांनी पुढच्या बैठकीला गोणपाटात गुंडाळून काहीतरी आणलं आणि माझ्या दोन्ही हातांत ठेवलं. तांब्याची चौकोनी जाड पाटी. चार कोपऱ्यांत चार ठसे, मधोमध पाचवा, दोन डालेरचा. कडा झिजून लाटांसारख्या झालेल्या आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे. हे प्लोटमिंट, पाटीचं नाणं. स्वीडनने १६४४ ते १७७६ अशी १३० हून अधिक वर्षं ही पाडली. चांदी कमी आणि तांबं मुबलक, म्हणून नाण्यात त्याच्या किमतीइतकं तांबंच घालायचं. गोर्ट्झच्या काळात एक डालेरची पाटी सुमारे ७५० ग्रॅम भरायची. आजोबांची दोन डालेरची मूळची दीड किलोची असणार, समुद्राने खाऊन १,३१० ग्रॅम उरली होती.

समुद्राने, कारण ती ‘निकोबार’ नावाच्या डॅनिश जहाजावरची. डॅनिश आशियाई कंपनीचं हे जहाज आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला निघालं होतं. ती तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. स्वीडिश पाट्या तांब्याचा माल म्हणून जहाजात भरल्या होत्या. १७८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. दोनशे वर्षांनी, १९८७ मध्ये, मच्छीमारांना ते सापडलं आणि पाट्यांचा मोठा साठा वर आला. आजोबा म्हणाले, “ही तुझ्या देशाला निघाली होती.” मी ती पाटी बराच वेळ खाली ठेवली नाही.

घरी येऊन मार्स स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला. ४.६ ग्रॅम. ७५० ग्रॅमची पाटीही एक डालेर, हेही एक डालेर, आणि वजनात दीडशेपटीहून जास्त फरक. सैनिकाला पगारात हे मिळे, शेतकऱ्याच्या हाती धान्याच्या बदल्यात हे पडे, आणि नाकारायची सोय नव्हती. वाचून मला हे कळलं होतं, पण काट्यावर आकडा स्थिर झाला तेव्हा जे वाटलं ते वेगळं होतं. नोव्हेंबर २०१६ ची ती रात्र आठवली. आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली, आणि आईने डाळीच्या डब्यातून साठवलेल्या पाचशेच्या नोटा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या होत्या.

जुलै २०२२ मध्ये सुट्टी काढून आधी आवेस्ताला गेलो, मग फालुनला. आवेस्ताच्या टांकसाळीत १६४४ मध्ये दहा डालेरची पाटी पडली. वजन १९.७ किलो, चलनासाठी पाडलेल्या नाण्यांत जगातलं सर्वात जड. तिथल्या नाण्यांच्या संग्रहालयात मुलाने शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. फालुनची खाण म्हणजे या सगळ्या तांब्याचं माहेर. सतराव्या शतकाच्या मध्यावर युरोपच्या तांब्याचा मोठा वाटा इथून यायचा. खाली ६७ मीटरपर्यंत उतरता येतं. आत बारा महिने पाच-सहा अंश असतात, तेव्हा जुलैतही स्वेटर न्या. वरचा प्रचंड खड्डा १६८७ च्या मिडसमरला खाण कोसळून झाला. सणाची सुट्टी होती म्हणून कुणीही मेलं नाही. १९९२ मध्ये खाण बंद झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा झाली. स्वीडनभर दिसणाऱ्या लाल घरांचा रंग याच खाणीच्या मातीतून येतो, हे तिथे कळलं. आम्ही भाड्याने राहतो ते घरही त्याच लाल रंगाचं आहे. परत आल्यावर मी भिंतीला हात लावून पाहिला.

ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत भराभर नाणी जमली. मुकुट १८० क्रोना, ‘वेट ओक वापेन’ २००, ज्युपिटर १९०, ‘पुब्लिका फीदे’ २६०, फीबस ३१०. चिंचेने खराब केलेल्याच्या जागी दुसरं ‘फ्लिंक ओक फेर्दिग’ २५० ला घेतलं. पोस्टाने आलेल्या प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास, किंमत, विक्रेता आणि तारीख वहीत लिहिली आणि पावती मागे चिकटवली. ही सवय पुढे दोनदा कामी आली.

सॅटर्न मात्र फसला. हा देव हातात विळा आणि मूल घेऊन उभा असतो, आपलंच मूल खाणारा. २४० क्रोनांना घेतलेलं नाणं वजनात बरंच कमी भरलं, अक्षरं साबणावर कोरल्यासारखी बोथट, आणि भिंगाखाली कडेला सलग बारीक शिवण दिसली. ठशाने पाडलेल्या नाण्याला अशी शिवण नसते, साच्यात ओतलेल्याला असते. विक्रेत्याला फोटो आणि वजन पाठवलं. त्याने आधी उत्तर दिलं नाही. साइटकडे तक्रार केल्यावर १९ दिवसांनी पैसे परत आले. खरा सॅटर्न जानेवारी २०२३ मध्ये क्लबातच मिळाला, तोही २४० ला.

मर्क्युरीसाठी ब्रिटनकडे वळले आणि तिथे कागदपत्रांचं प्रकरण सुरू झालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात टपालासकट ५६० क्रोनांना नाणं मागवलं. ब्रिटन आता युरोपीय संघाबाहेर आहे, म्हणून पार्सल सीमाशुल्कात थांबलं. तीन आठवड्यांनी मेसेज आला की २५ टक्के आयात व्हॅट, म्हणजे १४० क्रोना, आणि हाताळणीचे ७५ भरा. भरले आणि नाणं सोडवलं. मग क्लबातल्या एकाने सांगितलं की संग्राह्य वस्तूंच्या आयातीवर स्वीडनमध्ये व्हॅट १२ टक्के आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी संग्राह्य नाणी सीमाशुल्काच्या ९७०५ या क्रमांकाखाली येतात, त्यावर सीमाशुल्कही नाही. माझ्या पार्सलवर विक्रेत्याने नुसतं ‘धातूची वस्तू’ लिहिलं होतं, आणि वाहतूक कंपनीने त्यानुसार आकारणी केली होती.

फेरविचाराचा अर्ज सीमाशुल्क खात्याकडे करता येतो. स्वीडिशमध्ये त्याला ‘ओमप्रोव्निंग’ म्हणतात. अर्जासोबत आकारणीचा कागद, विक्रेत्याची पावती, दोन्ही बाजूंचे फोटो आणि नाण्याचं साल व वर्णन दिलेलं एक पान जोडलं. पहिल्यांदा अर्ज अपुरा म्हणून परत आला, कारण आकारणीच्या कागदावरचा प्रकरण क्रमांक मी लिहिला नव्हता. दुसऱ्यांदा लिहिला. मधले दोन महिने रोज पोस्टाची पेटी बघत होते. २७ जूनला ७३ क्रोना खात्यात जमा झाले. हाताळणीचे ७५ परत मिळत नाहीत. ७३ क्रोनांसाठी एवढी धडपड का, असं घरच्यांनी विचारलं. कागद बरोबर असला पाहिजे, हेच माझं उत्तर होतं. तुम्ही परदेशातून मागवणार असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा: ‘संग्राह्य नाणे, १७१८, क्रमांक ९७०५’ असं पार्सलवर लिहा. सगळा त्रास वाचतो.

राहिलं होप्पेट. इतरांपेक्षा कमी मिळतं आणि महाग जातं. दोन लिलावांत माझी बोली मागे पडली. मधे एकाने स्वस्तात देऊ केलं होतं, पण त्याच्या खाचांत अजून माती होती आणि कुठून आलं हे तो सांगेना. स्वीडनमध्ये मेटल डिटेक्टर वापरायला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, आणि १८५० पूर्वीची तांब्याची बेवारस वस्तू जमिनीत सापडली तर ती आधी राज्याला देऊ करावी लागते. मी नकार दिला. वाईट वाटलं, कारण नाणं सुंदर होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका लिलावात होप्पेट आलं, प्रत १+. मनाशी हजाराची मर्यादा घालून बसले. ९०० वर हातोडा बसला. त्यावर लिलावाचं २० टक्के कमिशन १८० आणि टपाल ६९, एकूण १,१४९. लिलावात नवे असाल तर कमिशन धरूनच बोलीचा आकडा ठरवा. पाकीट आलं तेव्हा बाहेर उणे नऊ होतं. मी कोट न काढता दारातच उघडलं.

हे नाणं हातात घेतलं की नांगर आधी दिसतो. राजा ३० नोव्हेंबर १७१८ ला नॉर्वेत वेढ्याच्या खंदकात गोळी लागून गेला होता. १७१९ च्या सुरुवातीला गोर्ट्झचं शिर उडवलं गेलं. आशा हे नाव घेऊन आलेल्या नाण्यावर १७१९ साल आहे, आणि त्या वर्षी ना राजा होता, ना गोर्ट्झ उरला. त्याच वर्षी नव्या राजवटीने या डालेरचं मोल उतरवलं. ३२ ओरेंपैकी १६ सरळ बुडाले, १४ ओरेंचं कागदी आश्वासन मिळालं, आणि नाणं स्वतः दोन ओरेंचं उरलं.

दहा पूर्ण झाल्यावर क्लबातल्या आजोबांनी मला अकरावं दिलं, पैसे घेतले नाहीत. १७१९ चा एक ओरे के. एम. तीन मुकुट, मागे दालार्ना प्रांताचे, एकमेकांवर तिरपे ठेवलेले बाण. दिवा तिरका धरला तर बाणांच्या खाली दुसरी अक्षरं दिसतात, अर्धवट, उलटी: ‘डाले’. जुन्या डालेरच्या चकतीवरच नवा ठसा मारला होता. चांदीच्या हिशोबातला एक डालेर म्हणजे तांब्याच्या हिशोबात ९६ ओरे. तीच चकती आता एक ओरे.

सगळा खर्च टपाल धरून साधारण ४,२०० क्रोना झाला, त्या वेळच्या भावाने ३४ हजारांच्या आसपास रुपये. सव्वादोन वर्षांत विभागलेला, पण खर्च तो खर्च.

मे २०२४ मध्ये घरी गेले. संग्रह सोबत न्यायचा विचार होता, पण जाण्याआधी आपला १९७२ चा पुरावशेष कायदा वाचला. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं त्यात पुरावशेष ठरतं, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. एकदा आत नेलेलं परत आणायची वाट नाही. परदेशात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. म्हणून दहा नाणी वेस्तेरोसला कपाटात ठेवली आणि चिंचेने धुतलेलं ‘फ्लिंक ओक फेर्दिग’ पावतीसह बाबांसाठी नेलं. ते कायमचं तिकडेच राहणार होतं.

सव्वादोन वर्षांत त्याचा गुलाबीपणा थोडा उतरला होता. बाबांनी ते कडेला धरून खिडकीपाशी नेलं, सिंह शोधला, सापडला. मग डबा उघडून तुघलकाच्या नाण्याशेजारी कापसावर ठेवलं, आणि डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या यादीत पेन्सिलीने नवी ओळ लिहिली: स्वीडन, १७१८, तांबे, एक डालेर. वजनाचा रकाना रिकामा सोडला आणि आईला हाक मारली, “अगं, मसाल्याचा काटा कुठे आहे?”